बोट सोडावी की धरून ठेवावी?

अलास्कातल्या व्हिटियरमध्ये जवळजवळ अख्खं गाव एकाच इमारतीत राहतं. बेगिच टॉवर्स नावाच्या या चौदा मजली इमारतीत घरं आहेत, पोस्ट आहे, किराणा दुकान आहे आणि दवाखानाही आहे. हिवाळ्यात मुलांना बर्फ तुडवावा लागू नये म्हणून शाळेपर्यंत जमिनीखालून वाट काढली आहे. एवढ्याशा गावाच्या धक्क्याला उन्हाळ्यात व्हँकुव्हरहून सात रात्रींचा प्रवास करून आलेली अजस्र जहाजं लागतात आणि प्रवाशांचे दोन गट पडतात. काही जण त्याच जहाजातून आणखी सात रात्री काढून व्हँकुव्हरला परततात. बाकीचे बॅगा उचलून गावाबाहेरच्या बोगद्यातून डोंगरापलीकडे जातात आणि त्यांची उरलेली सहल तिथून सुरू होते.

पहिल्या प्रकाराला क्रूझवाले 'बॅक टू बॅक' म्हणतात. एकच जहाज, लागोपाठ दोन फेऱ्या. दुसरा प्रकार म्हणजे निम्मं पाणी, निम्मी जमीन. पंधरा दिवसांची रजा, साठवलेले पैसे आणि सोबत आई-वडील किंवा मुलं असली, की या दोन पर्यायांवर घरात खल ठरलेलाच. त्याचं उत्तर नकाशात मिळतं, असं माझं ठाम मत आहे. जे बघायला निघालात ते किनाऱ्यावर आहे की आत, हे आधी पाहावं. किनाऱ्यावर असेल तर जहाज सोडू नये. आत असेल तर एका फेरीनंतर खुशाल उतरावं. आता हे कुठे कसं लागू पडतं ते बघू, कारण त्यातल्या गमती फार आहेत.

रुळांवरून मोटारी

व्हिटियरचा बोगदा सुमारे ४ किलोमीटर लांब आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी तो खोदला आणि १९४३ मध्ये त्यातून रेल्वे धावू लागली. मोटारींना मात्र जून २००० पर्यंत थांबावं लागलं. आता त्यात रस्ता आणि रूळ एकच आहेत, म्हणजे मोटारी चक्क रुळांवरून जातात. एका वेळी एकाच दिशेची वाहतूक सोडतात. थोडा वेळ इकडून तिकडे, थोडा वेळ तिकडून इकडे आणि मध्ये रेल्वेची पाळी. जहाजातून उतरलेल्या माणसाच्या जमिनीवरच्या प्रवासाची सुरुवातच अशी होते.

पलीकडे शंभरेक किलोमीटरवर अँकरेज. तिथून आणखी पावणेचारशे किलोमीटरवर देनाली राष्ट्रीय उद्यान आणि ६,१९० मीटर उंचीचं शिखर, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंच. अमेरिकन सरकारनं २०२५ मध्ये शिखराला पुन्हा मॅकिन्ली हे जुनं नाव दिलं, पण उद्यान अजून देनालीच आहे आणि अलास्कातली माणसंही शिखराला देनालीच म्हणतात. हे शिखर स्वतःचं हवामान स्वतः तयार करतं. ढगांमुळे ते साधारण तीन दिवसांतून एखाद्या दिवशीच नीट दिसतं. त्यामुळे तिथे एक रात्र काढून परतणं म्हणजे नशिबावर हवाला ठेवणं. दोन-तीन रात्री राहिलात तर दर्शनाची शक्यता चांगलीच वाढते. उद्यानात १४८ किलोमीटरचा एकच मुख्य रस्ता आहे आणि उन्हाळ्यात खासगी गाड्यांना त्यावर पहिल्या २४ किलोमीटरपर्यंतच जाता येतं. पुढे बसनंच जायचं. २०२१ मध्ये प्रिटी रॉक्स नावाच्या भागात दरड सरकल्यानं तो रस्ता मध्यावर तुटला, त्यामुळे आरक्षण करताना बस कुठवर जाते ते आवर्जून विचारावं.

बोट आणि रेल्वे जोडून अलास्का पाहणाऱ्यांमध्ये खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. जुलै १९२३ मध्ये वॉरन हार्डिंग नौदलाच्या 'हेंडरसन' जहाजानं केचिकन, जुनो, स्कॅगवे करत स्यूअर्डला पोचले, तिथून रेल्वेनं आत गेले आणि १५ जुलैला नेनाना इथे सोन्याचा खिळा ठोकून त्यांनी अलास्का रेल्वे पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. पदावर असताना अलास्कात गेलेले ते पहिले राष्ट्राध्यक्ष. आज पर्यटक ज्या क्रमानं जातात तो जवळपास हाच.

मग जहाज कशाला हवं? कारण अलास्कातल्या काही जागांना दुसरी वाटच नाही. राजधानी जुनोला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. विमानानं जा, नाहीतर पाण्यानं. ग्लेशियर बे तर पाण्यावरूनच बघायची जागा. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेला तिथे बर्फाची भिंत दिसली होती, उपसागराच्या जागी जेमतेम एक खाच होती. ते बर्फ हटत गेलं आणि आज जहाज सुमारे शंभर किलोमीटर आत जाऊ शकतं. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना परवानगी आहे. जहाज कुठेही धक्क्याला लागत नाही, उलट उद्यानाचे रेंजर होडीनं येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर डेकवरून माहिती सांगतात. बर्फाच्या कड्याचा तुकडा आधी कोसळताना दिसतो आणि आवाज मागून येतो, कारण अंतर तेवढं असतं. हबार्ड हिमनदीचा पाण्याला भिडलेला कडा तर सुमारे १० किलोमीटर रुंद आहे आणि बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना ही पुढे सरकते आहे.

म्हणून अलास्कात माझा कौल स्पष्ट आहे: एका बाजूची सात रात्रींची क्रूझ आणि त्याला जोडून पाच-सहा दिवस आतला प्रदेश. चौदा रात्री जहाजावर काढल्यात तर हिमनद्या दोनदा दिसतील हे खरं, पण केचिकन, जुनो आणि स्कॅगवे ही तीच तीन बंदरंही बहुधा दोनदा येतील. केचिकनमध्ये वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीकरांना तो आकडा परका वाटणार नाही, फरक इतकाच की तिथे तो बाराही महिने वाटून पडतो. दोन वेळा गेलात तर दोन्ही वेळा छत्री लागेल.

आणखी एक सांगतो ते क्रमाबद्दल. आधी जमीन, मग जहाज. जमिनीवरच्या टप्प्यात पहाटे उठून बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, आठ तासांची रेल्वे, मग बस, दर एक-दोन रात्रींनी नवं हॉटेल. हे दमवणारं काम ताजेपणी उरकावं आणि मग एका केबिनमध्ये कपडे लावून सात दिवस पाय पसरावेत. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर हा क्रम सोडूच नये. विमानाला उशीर झाला तरी आधीचे दिवस हाताशी असतात. जहाज मात्र कोणासाठी थांबत नाही.

१८८६ चा कायदा तुमचं तिकीट अडवतो

लागोपाठ दोन फेऱ्या घ्यायच्या ठरवल्या, दोन्हीचे पैसेही भरायला तयार आहात आणि तरी कंपनी म्हणते, जमणार नाही. असं अमेरिकेत खरंच होतं. कारण १८८६ चा प्रवासी जहाजांचा कायदा. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतल्या एका बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या बंदरात सोडता येत नाही, आणि जगातली बहुतेक क्रूझ जहाजं बहामा, पनामा किंवा माल्टा अशा देशांचे झेंडे लावून फिरतात. सुरुवातीला दर प्रवाशामागे दंड होता २ डॉलर. बारा वर्षांत तो २०० डॉलर झाला आणि आता शेकडो डॉलरमध्ये आहे. भरावा लागला तर तो बहुधा प्रवाशाच्याच खात्यावर चढतो.

समजा, सिएटलहून व्हँकुव्हरची छोटी फेरी आणि तिला जोडून त्याच जहाजानं व्हँकुव्हर ते स्यूअर्ड. दोन्ही फेऱ्या स्वतंत्रपणे कायदेशीर. एकत्र केल्या की तुम्ही सिएटलला चढून स्यूअर्डला उतरलात, म्हणजे अमेरिकेतून अमेरिकेत, आणि नियम मोडला. मध्ये कॅनडा लागला तरी उपयोग नाही, कारण अशा प्रवासाला 'दूरचं' परदेशी बंदर लागतं आणि कॅनडा, मेक्सिको, बहुतेक कॅरिबियन बेटं त्यात बसत नाहीत. दक्षिण अमेरिका बसते. अरुबा, बोनेअर आणि कुरासाव ही तीन बेटंही बसतात. कॅलिफोर्नियाहून पनामा कालव्यातून फ्लोरिडाला जाणारी जहाजं कोलंबियातल्या कार्ताहेनाला किंवा अरुबाला हटकून थांबतात, त्याचं एक मोठं कारण हे.

निघालात तिथेच परत उतरणार असाल तर जवळचं परदेशी बंदर चालतं. सिएटलहून अलास्काला जाऊन सिएटलला येणारी जहाजं म्हणूनच कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, बऱ्याचदा शेवटच्या संध्याकाळी, काही तासांपुरती. करोनाकाळात कॅनडानं बंदरं बंद केली तेव्हा अलास्काचा अख्खा हंगाम बुडायला आला होता. मे २०२१ मध्ये अमेरिकन संसदेनं खास कायदा करून तेवढ्यापुरती सूट दिली. हवाई बेटांमध्ये मात्र 'प्राइड ऑफ अमेरिका' हे अमेरिकन झेंड्याचं एकमेव मोठं क्रूझ जहाज फिरतं. त्याला हे बंधन नाही, म्हणून त्याचा सगळा आठवडा हवाईतच जातो.

आणि हा वाद आजचा नाही. १९०९ मध्ये 'क्लीव्हलँड' हे जर्मन जहाज न्यूयॉर्कहून पूर्वेकडे निघालं आणि जगाला वळसा घालत सान फ्रान्सिस्कोला पोचलं. पनामा कालवा तेव्हा व्हायचा होता (तो १९१४ मध्ये उघडला), त्यामुळे प्रदक्षिणा पुरी करायला प्रवाशांनी पुढे रेल्वेनं अमेरिका ओलांडली. न्यूयॉर्कला चढले, सान फ्रान्सिस्कोला उतरले, मग कायदा मोडला का? १९१० मध्ये अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनी मत दिलं की नाही मोडला, कारण ही जगाची सफर होती, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात केलेली वाहतूक नव्हती.

फेरी संपते त्या सकाळी

लागोपाठ दोन फेऱ्या घेणाऱ्यांचा सगळ्यात मजेशीर दिवस म्हणजे दोन फेऱ्यांच्या मधला. आदल्या रात्री बाहेरच्या पॅसेजमध्ये रंगीत टॅग लावलेल्या बॅगांची रांग लागते. सकाळी रंगाप्रमाणे नावं पुकारतात आणि लोक पासपोर्ट हातात धरून उतरू लागतात. धक्क्यावर फोर्कलिफ्ट धावत असतात. एका बाजूनं वापरलेल्या चादरी-टॉवेलांच्या ट्रॉल्या, दुसऱ्या बाजूनं कांदे, अंडी, दूध आणि मैद्याच्या थप्प्या. केबिनची दारं उघडी टाकून हाउसकीपिंगची माणसं गाद्यांवर नव्या चादरी ओढत असतात. आणि या गडबडीत पुढच्या फेरीलाही राहणारी थोडी मंडळी 'इन ट्रान्झिट' लिहिलेलं कार्ड घेऊन लाउंजमध्ये कॉफी पीत बसलेली असतात.

अमेरिकन बंदरांत त्यांनाही उतरावं लागतं. आधीची फेरी संपली हे दाखवायला जहाजावर शून्य प्रवासी असल्याची खात्री करतात. सगळ्यांना एकत्र खाली नेतात, इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांपुढून फिरवतात आणि लगेच पुन्हा वर. त्यानंतर दुपारी नवे प्रवासी येईपर्यंत हजारो माणसांचं जहाज या मूठभरांच्या ताब्यात. तरणतलाव रिकामा, लिफ्ट रिकाम्या, बुफेत रांग नाही. क्रूझवेड्या मंडळींना विचारा, या दोन-तीन तासांबद्दल ते सगळ्यात जास्त बोलतात.

केबिन बदलावी लागली तर घाबरू नये. टांगलेले कपडे हँगरसकट ट्रॉलीवर घालून स्ट्यूअर्ड नव्या केबिनमध्ये नेऊन लावतात, आपण फक्त खणातल्या वस्तू बॅगेत भरायच्या. आरक्षण करतानाच दोन्ही फेऱ्यांना एकच केबिन मागितली तर तेही टळतं. जहाजावरचा हिशेब मात्र पहिल्या फेरीअखेर मिटतो आणि नवीन खातं उघडतं. इंटरनेटचं आणि पेयांचं पॅकेजही बहुधा तिथेच संपतं. सुरक्षेची कवायत अनेक जहाजांवर दुसऱ्यांदाही करावी लागते. २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडालं तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येकांची ही कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. पूर्वी पहिल्या २४ तासांत केली तरी चालायची, २०१५ पासून जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी करावीच लागते. ती मनापासून करावी.

शाकाहारी आणि जैन मंडळींना दुसऱ्या आठवड्याचा एक छान फायदा असतो. कांदा-लसूण नको, अंडं नको, सूपमध्ये कोणता रस्सा घातलाय, हे सगळं पहिल्या तीन दिवसांत समजावून झालेलं असतं. वेटर आणि हेड वेटर ओळखीचे होतात आणि उद्याचं जेवण आज विचारून जातात. मेन्यू मात्र ठरावीक दिवसांच्या चक्रानं फिरतो आणि रंगमंचावरचे कार्यक्रमही. म्हणून फेरी बदलते की नाही ते पाहावं. मायामीहून सुटणारी कित्येक जहाजं एका आठवड्यात पूर्व कॅरिबियन आणि पुढच्या आठवड्यात पश्चिम कॅरिबियन करतात. अशा दोन फेऱ्या जोडल्या तर बंदरं पुन्हा येत नाहीत. कॅरिबियनमध्ये बघायचं ते बहुतेक किनाऱ्यावरच असतं, तेव्हा तिथे लागोपाठ फेऱ्या घ्याव्यात, जमीन जोडायच्या फंदात पडू नये.

जाताना रात्र, येताना दिवस

तीच बंदरं, तेच जहाज, तरी दुसरी फेरी पूर्ण वेगळी, असं एक ठिकाण जगात आहे: नॉर्वेचा किनारा. बर्गेनहून किर्केनेसपर्यंत जाऊन परत येणारी टपाल-बोट वाटेत ३४ बंदरं घेते आणि फेरी बारा दिवसांत पुरी होते. वेळापत्रक असं बांधलंय की उत्तरेला जाताना जी बंदरं रात्री येतात, त्यातली पुष्कळशी दक्षिणेला येताना दिवसा येतात. ट्रोम्सोला जाताना दुपारी उतरता येतं, येताना मध्यरात्र असते. भोक असलेला तोर्गहात्तन डोंगर आणि सात बहिणींची शिखरं परतीच्या वाटेवर उजेडात दिसतात. आर्क्टिक वृत्त ओलांडलं की जाताना मानेवर बर्फाचं पाणी ओततात आणि येताना चमचाभर कॉड माशाचं तेल पाजतात. शाकाहाऱ्यांनी तेवढा चमचा हात जोडून परत करावा.

ही बोट मुळात पर्यटकांसाठी नव्हतीच. २ जुलै १८९३ रोजी रिचर्ड वित यांचं 'वेस्टेरोलेन' जहाज ट्रोन्हेमहून हॅमरफेस्टला निघालं. त्याआधी याच अंतरासाठी पत्राला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिने लागायचे. आजही ही जहाजं माल आणि गावची माणसं घेतात. पहाटे अडीच वाजता जहाज एखाद्या छोट्या धक्क्याला लागतं, बाजूचं दार उघडतं, फोर्कलिफ्ट चार-सहा पॅलेट उतरवून घेते, कोणी एक जण पाठीला सॅक लावून उतरतो आणि वीस मिनिटांत जहाज निघतंही. २०२१ पासून हे काम दोन कंपन्यांत वाटलंय: सात जहाजं हुर्टिग्रुटेनची, चार हाविलाची. अकरा जहाजं आणि बारा दिवसांची फेरी, त्यामुळे बर्गेनहून जवळपास रोज एक सुटतं.

नकाशात आणखी एक गोष्ट दिसते. नॉर्वेची उत्तरेकडे जाणारी रेल्वे बोडोला संपते. नार्विकला रूळ आहेत, पण ते स्वीडनमधून येतात. बोडोच्या पुढे किनारा धरून फिरायचं तर जहाजच बरं. म्हणून रजा असेल तर नॉर्वेत परतीची फेरीही जहाजानंच करावी, असं मी आग्रहानं सांगेन. रजा कमी असेल तर किर्केनेसहून विमानानं ओस्लोला यावं आणि बर्गेनपर्यंतची सुमारे ५०० किलोमीटरची रेल्वे पकडावी. वाटेत मिर्दालहून फ्लोमला उतरणारा फाटा आहे. २० किलोमीटर, २० बोगदे, आणि तेवढ्यात गाडी ८६० मीटरच्या वरून थेट फ्योर्डच्या पाण्यापाशी येते. फ्लोमच्या धक्क्याला मोठी क्रूझ जहाजंही लागतात, तेव्हा ही रेल्वे जहाजावरून अर्ध्या दिवसातही होते.

रोमला समुद्र नाही

क्रूझच्या माहितीपत्रकात 'रोम' छापलेलं असतं तेव्हा जहाज चिव्हिटावेक्कियाला लागतं. तिथून रोम ७० किलोमीटर. 'फ्लोरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून ९० किलोमीटर. 'पॅरिस' म्हणजे ल आव्र, सुमारे २०० किलोमीटर. 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे, जायला तीन तास आणि यायला तीन तास. 'बँकॉक' म्हणजे लेम चाबांग, शंभर किलोमीटरच्या वर. 'व्हेनिस' तर आणखी दूर गेलंय: ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जायची बंदी आहे, आणि कित्येक फेऱ्या आता राव्हेन्नाहून किंवा त्रिएस्तेहून सुटतात.

अशा शहरांना जहाजावरून आठ-दहा तासांची धावती भेट देणं मला पटत नाही. रोमला दोन-तीन रात्री द्याव्यात आणि मग जहाज पकडावं. उलट वालेटा, कोतोर किंवा इस्तंबूल अशा ठिकाणी जहाज गावाच्या पोटातच शिरतं. इस्तंबूलच्या गालाटापोर्टचं टर्मिनल जमिनीखाली आहे, त्यामुळे जहाज नसतं तेव्हा किनाऱ्याची फरसबंदी लोकांना फिरायला मोकळी असते.

बॅलार्ड पिअरची गाडी

तिसराही एक मार्ग आहे आणि तो फार जुना आहे. जहाज आपल्या वाटेनं जाऊ द्यायचं, आपण मध्येच उतरून जमिनीवरून फिरायचं आणि पुढच्या बंदरात तेच जहाज गाठायचं. जहाज १९३ किलोमीटरच्या सुएझ कालव्यातून सरकत असताना प्रवासी पिरॅमिड पाहून दुसऱ्या टोकाला चढतात. जगाला वळसा घालणारी जहाजं मुंबईला लागली की काही प्रवासी विमानानं आग्र्याला जाऊन ताजमहाल बघतात आणि कोचीला किंवा कोलंबोला परत आपल्या केबिनमध्ये.

कालवा होण्यापूर्वी तर जवळची वाट अशीच होती. इंग्लंडहून मुंबईला येणारा माणूस अलेक्झांड्रियाला उतरायचा, होडीनं आणि नाईलवरून कैरो, मग वाळवंटातून घोडागाडीनं सुएझ, आणि तिथून दुसरी बोट. १८७२ मध्ये थॉमस कुक यांनी पहिली जगप्रदक्षिणेची सहल काढली, २२२ दिवसांची. अटलांटिक बोटीनं, अमेरिका रेल्वेनं, पॅसिफिक पुन्हा बोटीनं आणि भारत कोलकात्याहून मुंबईपर्यंत रेल्वेनं. मुंबई-कोलकाता रेल्वे दोनच वर्षांपूर्वी, १८७० मध्ये, जोडली गेली होती. तिच्याशिवाय ही सहल अशी आखताच आली नसती.

मुंबईकरांना यातला सगळ्यात जवळचा दुवा बॅलार्ड पिअर. विलायतेची टपाल-बोट लागायची त्याच धक्क्यावर रेल्वेचं स्टेशन होतं, बॅलार्ड पिअर मोल. बोटीतून उतरलेले साहेब आणि टपालाच्या थैल्या थेट गाडीत चढायच्या. १ सप्टेंबर १९२८ ला सुरू झालेली फ्रंटियर मेल याच बोटींच्या प्रवाशांना पेशावरपर्यंत न्यायची. हीच गाडी आज गोल्डन टेंपल मेल म्हणून अमृतसरला जाते. आणि मुंबईचं क्रूझ टर्मिनल अजूनही बॅलार्ड पिअरलाच आहे. परदेशी बंदरांत बोटीला लागून रेल्वे पाहिली की आपल्याकडे हे होतं याची मला दर वेळी चुटपुट लागते.

पासपोर्टावरचे शिक्के

भारतीय पासपोर्टवाल्यांनी एक गोष्ट गाठीला बांधावी. अथेन्सहून निघालेलं जहाज तुर्कीतल्या कुशादासीला गेलं की तुम्ही शेंगेन व्हिसाच्या देशांबाहेर पडता. परत ग्रीसच्या बेटावर उतरायला पुन्हा प्रवेश लागतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर सहल तिथेच अडते, म्हणून अनेक प्रवेशांचाच मागावा. लागोपाठ फेऱ्या घेणाऱ्यांनी १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादाही मोजावी. अलास्कासाठी अमेरिका आणि कॅनडा दोन्हींची कागदपत्रं लागतात, जहाज सिएटलहून सुटत असलं तरी.

किमतीचं सांगायचं तर चौदा रात्रींची एकत्र किंमत आणि सात-सात रात्रींच्या दोन स्वतंत्र किमती शेजारी ठेवून बघाव्यात. फरक निघतो, आणि कधी या बाजूनं, कधी त्या. जमिनीवरच्या टप्प्यात हॉटेल, जेवण आणि गाडी वेगळी मोजायला विसरू नये, कारण जहाजाच्या भाड्यात हे सगळं धरलेलं असतं.

मुंबईहून सुटताना

आपल्या किनाऱ्यावरही हा हिशेब लागू पडतो. मुंबई-गोवा बोट म्हटलं की जुन्या माणसांना हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी यादी अजून तोंडपाठ असते. बऱ्याच बंदरांत आगबोट बाहेर उभी राहायची आणि पडावातून लोक किनाऱ्यावर यायचे. पावसाळ्यात सगळं बंद. आता २०२१ पासून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, लक्षद्वीप आणि कोचीच्या फेऱ्या करतं. हे जहाज १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' नावानं कॅरिबियनसाठी बांधलं होतं. लक्षद्वीपला जाणार असाल तर जहाज सोडू नका, तिथे सगळं पाण्यातच आहे.

गोव्याचं तसं नाही. बोट संध्याकाळी सुटते आणि आपला किनारा अंधारात निघून जातो. एका बाजूचं तिकीट मिळालं तर परतीला मडगावहून कोकण रेल्वे धरावी. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झालेल्या या रेल्वेवर रोह्यापासून ठोकूरपर्यंतच्या ७४१ किलोमीटरमध्ये ९१ बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आणि पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. जनशताब्दीला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा आहे, त्याचं आरक्षण लवकर करावं. दोन दिवस जास्त असतील तर वाटेत कणकवलीला उतरा. तिथून देवगड, विजयदुर्ग आणि मालवण तिन्ही रस्त्यानं होतात. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला मात्र मालवणच्या जेटीवरून होडीतच बसावं लागतं.